पालापाचोळा जाळू नये

माय, तू गेलीस त्याला सोळा वर्षं झाली, आणि जवळजवळ तेवढीच वर्षं मी तुझ्या जागेवर नोकरी करतोय. तू नगरपालिकेत रस्ते झाडायचीस. तुझ्यामागं वारस म्हणून मला घेतलं, आणि बी.ए. झालेला म्हणून खराटा न देता स्वच्छता विभागात टेबल दिलं. 'माझं लेकरू या खराट्याला हात लावनार न्हाई,' असं तू एकदा भर हजेरीत मुकादमाला सुनावलं होतंस. ते मी पाळलं. पण त्या टेबलावर बसून यंदा मी जे केलं, ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

होळी जवळ आली की नागरिकांसाठी सूचनांचा कागद काढायचं काम माझ्याकडं असतं. होळीसाठी हिरवं झाड तोडू नका, गाड्या पाइपानं धुऊ नका, ओला-सुका कचरा वेगळा द्या, पाखरांसाठी गच्चीवर पाणी ठेवा. मी ते मन लावून लिहितो. साहेबांना माझा आवाज बरा वाटला, म्हणून आता घंटागाडीवर तेच माझ्या आवाजात वाजतं. सकाळी मी दाढी करत असतो आणि बाहेर गल्लीतून माझाच आवाज जातो: 'पालापाचोळा जाळू नये. धुराने लहान मुले व वृद्धांना त्रास होतो.' पोरगी हसते. तिला ठाऊक नाही की ते वाक्य मी तुझ्या खोकल्यावरून लिहिलं. कडुलिंबाची पानगळ सुरू झाली की तुझा खोकला सुरू व्हायचा, तो पार पावसाळ्यापर्यंत. शाळेला सुट्टी असली की मी तुझ्यासोबत यायचो. मला अजून दिसतं, तू पदर नाकाला बांधतेस, काडी ओढतेस, आणि धुरात आधी तुझे पाय दिसेनासे होतात. एकदा बंगल्यातला एक माणूस फाटकाशी येऊन तुला नको नको ते बोलला. तू बाटलीतलं प्यायचं पाणी आगीवर ओतलंस आणि खाली मान घालून पुढं निघालीस. 'काहून ऐकून घेतेस गं?' मी विचारलं. तू म्हणालीस, 'त्याला धूर दिसला. तीन रोज ढीग पडून व्हता, तो दिसला का कुनाला?'

यंदा हिंगोलीहून मोठे साहेब पाहणीला येणार होते. पाला उचलायचा ट्रॅक्टर आठ दिवस त्यांच्या कार्यक्रमाच्या मंडपाचं सामान वाहत होता. आमचे साहेब मला म्हणाले, 'रस्त्यावर एकही ढीग दिसायला नको.' मी मुकादमाला फोन करून तेच सांगितलं. तो म्हणाला, 'मग ट्रॅक्टर द्या ना.' मी म्हणालो, 'ते तुमचं तुम्ही बघा,' आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळीच नागरिकांच्या ग्रुपवर फोटो आला. शाळेच्या मागं धूर, आणि धुरात खराटा घेऊन उभी बाई. खाली कुणीतरी माझंच घंटागाडीवरचं वाक्य लिहिलं होतं. ती बाई म्हणजे मावशी. तुझ्यासोबत वीस वर्षं झाडलेली, तुझ्या अखेरच्या दिवसांत दवाखान्यात तुझ्या उशाशी बसलेली मावशी.

मी तिकडं गेलो तर ती राख गोळा करत होती. म्हणाली, 'मुकादम म्हनला, सायेब येऊन राहिले, ढीग दिसला न्हाई पाहिजे. आता येवढा पाला मी काय घरी नेऊ?' मुकादम तिथंच उभा होता. म्हणाला, 'मी जाळ म्हनलो का?' आणि माझ्याकडं बघत राहिला. मी घड्याळ बघितलं.

साहेबांनी नोटीस काढायला सांगितली. ताकीद, आणि उद्यापासून पंधरा दिवस कामावर यायचं नाही. मी म्हणालो, 'सर, ट्रॅक्टर नव्हता.' ते म्हणाले, 'बरं, मग कोणाच्या नावानं काढू? ग्रुपवर उत्तर तर द्यावं लागेल. तुमच्या नावानं काढू का?' माय, मी बोलायला तोंड उघडलं होतं. पण पोरगी यंदा दहावीला आहे, आणि ही जागा सोडली तर मला दुसरीकडं कुठं कोण विचारणार? तुझ्यामुळं खराट्यातून सुटून मी जिथं बसलो, तिथून उठायची वाटच मला दिसत नाही. मी खाली येऊन नोटीस टाइप केली. शुद्धलेखनही तपासलं.

दुपारी मावशी आली. पायरीशी चपला काढल्या, दोन्ही हातांनी कागद घेतला आणि परत माझ्यापुढं धरला. 'तूच वाचून दाखीव बाबा. मला कुठं येतं?' आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं ऐकत होती. मी वाचलं. ताकीद वाचली, नियम वाचला. ती मान हलवत होती. शेवटी तिनं अंगठा दिला, कागदाची घडी पोलक्यात ठेवली आणि म्हणाली, 'येवढंच ना? मी म्हनलं आता काम जातंय का काय. तुझ्या मायचं लेकरू हाय म्हनून बराबर झालं.'

दुसऱ्या दिवशी ती खराटा घेऊन हजेरीला आली. मुकादमानं सगळ्या बायांसमोर तिला परत पाठवलं. मी खिडकीतून बघत होतो. पंधरा दिवसांनी तिला पुन्हा घेतलं, आता ती स्टँडकडं झाडते. समोर आली की 'बरा हायेस ना?' एवढंच विचारते. त्या कागदाबद्दल काही बोलत नाही.

माय, ती पंधरा दिवसांची ओळ मी वाचलीच नव्हती. घरी बायकोला सांगितलं की मावशीला वाईट वाटू नये म्हणून गाळली. तसं नव्हतं. ती ओळ ऐकल्यावर मावशी माझ्याकडं बघेल, तेवढंच मला नको होतं.