तुझा कागद मिळाला

माय, तू मला लहानपणी लिहिलेल्या पत्रांपैकी एकही पत्र आज माझ्याकडे उरलेलं नाही. धावड्याच्या खोलीतल्या लाकडी फडताळात खालच्या फळीवर ती ठेवली होती. एका पावसाळ्यात भिंतीतून वाळवी चढली आणि सगळा गठ्ठा हातात घेताच भुसा झाला. तू तो भुसा सुपात भरलास, बाहेर टाकून आलीस आणि म्हणालीस, "जाऊ दे, तुझी पुस्तकं तर वाचली." त्या दिवशी मी तुझ्याशी बोलले नव्हते. तुला वाटलं असेल की वाळवीला घाबरली पोरगी. पण काही वाक्यं मला तेव्हाच पाठ झाली होती आणि ती वाळवीच्या हाती लागली नाहीत. त्यांच्याच आधारानं आज हे लिहायला बसले आहे.

मी पहिलीची परीक्षा दिली आणि तुझी नेमणूक धावड्याच्या उपकेंद्रात नर्स म्हणून झाली. आपलं परतूर गाव जिल्ह्याच्या एका टोकाला आणि धावडा पार दुसऱ्या टोकाला. रेल्वेनं जालना, तिथून एसटीनं भोकरदन, तिथून पुन्हा मिळेल ती गाडी. आपल्या वस्तीत सरकारी नोकरी लागलेली तू पहिली बाई. विहारात तुझा सत्कार झाला, नारळ आणि साडी दिली, भाषणं झाली. मात्र पोरीचं काय करायचं, यावर कुणीच बोललं नाही. ते घरात ठरलं. बाबा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी होते, सकाळी जायचे ते दिवेलागणीला परत यायचे. आत्या, बाबांची थोरली बहीण, नवऱ्यानं टाकल्यापासून आपल्याकडेच राहत होती. ती म्हणाली, "पोर माझ्यापाशी राहील. तुमी जा." तू गेलीस. गाडी हलली तेव्हा तू खिडकीतून मला एवढंच म्हणालीस, "पाटीवर रोज लिही." मला वाटलं होतं, तू काहीतरी वेगळं बोलशील.

वेगळं बोललीस ते पत्रातून. पहिलं निळं पत्र आलं तेव्हा पोस्टमननं बाबांचं नाव पुकारलं नाही, माझं पुकारलं. मी आत्याला ते मोठ्यानं वाचून दाखवलं, बोट ठेवून, एकेक शब्द. "बाळा, आज सकाळी एक रेडकू थेट आत आलं आणि खाटेजवळ जाऊन बसलं. मी हसले. मग तुझी आठवण झाली. मोठी आई काय करते? तू जेवतेस ना? रात झाली की मी तुझा वास आठवते." आत्या चुलीपुढं बसली होती. ती म्हणाली, "काय म्हणली? मोठी आई? मला?" आणि तिनं ते वाक्य माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. पुढच्या प्रत्येक पत्रात तू आत्याला मोठी आईच लिहिलंस. मी उत्तर पाठवलं की तुझ्या पत्राची सुरुवात ठरलेली असायची, तुझा कागद मिळाला. मी मैत्रिणींना सांगायची, आमच्याकडं पत्राला कागद म्हणतात.

त्यामागचं कारण मला कळलं ते मी वडीगोद्रीच्या शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवायला लागले तेव्हा. एक मुलगी फळ्यावरचं वाचता वाचता 'पत्र' या शब्दापाशी अडली, आणि मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. तू मला कधीच पत्र लिहिलं नव्हतंस, कागद लिहिला होतास, कारण मला जोडाक्षरं येत नव्हती. तुझ्या कागदांत डॉक्टर नव्हते, मोठे साहेब होते. आत्यामधला 'त्या' मला जमला नसता म्हणून ती मोठी आई झाली. दिवसभर इंजेक्शनच्या सुया उकळून, खेड्यापाड्यात पायी फिरून आल्यावर तू कंदिलापाशी बसून एकेक शब्द तपासत होतीस, हा माझ्या पोरीला वाचता येईल का. नंतर मी शाळेत पुढं सरकले तशी तुझ्या पत्रांत जोडाक्षरं यायला लागली, आधी सोपी, मग अवघड. पुढं कितीतरी वर्षांनी मी तुला याबद्दल विचारलं होतं, आठवतं? तू तेव्हा निवृत्त झाली होतीस. तू म्हणालीस, "असं केलतं का मी? ध्यानात न्हाई बाई." आणि लसूण सोलत राहिलीस.

मी तिसरीत असताना तुला जे पत्र गेलं, त्याबद्दल मात्र आपण पुढं कधीच बोललो नाही. वस्तीत कुजबुज सुरू झाली होती. नळावर बायका आत्याला विचारायच्या, तुमची वैनी तिकडंच राहणार का, भाऊ एकटाच का. आत्या घरी येऊन भांडी आपटायची. एका दुपारी तिनं मला वहीचं पान फाडायला लावलं आणि म्हणाली, "लिव, मी सांगते तसं." मी लिहिलं. माय, तू नोकरी सोडून ये. तुझ्याविना घराला कळा नाही. बाईच्या जातीला संसार पहिला. लोक नावं ठेवून राहिले. आत्या सांगत होती आणि पदरानं डोळेही पुसत होती. ती खोटं रडत नव्हती, हे मला आजही पक्कं ठाऊक आहे. तिचा संसार तिच्या हातून कुणीतरी काढून घेतला होता, आणि आपल्या भावाचा तरी टिकावा म्हणून ती धडपडत होती. मीही रडले. तिचं रडणं बघून.

आठवडा उलटायच्या आत तू दारात उभी आहेस. रविवार आहे. आत्या भाकरी थापते आहे, मी शेंगा फोडते आहे. तुझ्या खांद्याला ती खाकी पिशवी, केसांवर धूळ, चपलेचा अंगठा तुटलेला. तू पाणीसुद्धा मागत नाहीस. पिशवीतून तो कागद काढतेस आणि माझ्यापुढं धरतेस.

"हे कोणी लिवलं?"

"मी."

"अक्षर तुझं हाय, ते दिसून राह्यलं. बोललं कोण?"

मी आत्याकडं बघते. आत्या भाकरी थापायची थांबत नाही.

"मी बोलले, वैनी," ती म्हणते. "काय खोटं बोलले? लोक मला इचारतात, पोरीची माय कुठं हाय म्हून. मी काय सांगू?"

"सांगायचं, बाळंतपणं करून राह्यली."

"दुसऱ्याच्या बाया सुटल्या पाहिजेत, आन् आपली पोर? रातच्याला तुमचं नाव घिऊन उठती ती. तुमाला तिथं ऐकू येतं का?"

तुझा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता आत्याला मारणार. पण तू माझ्यापुढं खाली बसलीस, शेंगांच्या टरफलांतच, आणि माझे दोन्ही हात धरलेस. तुझ्या हातांना डेटॉलचा वास येत होता. "हे बघ बाई," तू म्हणालीस, "संसार, बाईची जात, हे तुझे शब्द न्हाईत. मला तुझे शब्द पाहिजेत. मी नोकरी सोडू का?"

तव्यावरची भाकरी करपत होती आणि आत्या ती उलटत नव्हती. हो म्हटलं तर तू कायमची घरी येणार होतीस, हे मला समजत होतं. नको म्हटलं तर संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होतीस. दोन्ही मला नको होतं. "मला तुझ्यासंग यायचं हाय," मी म्हणाले.

ही तिसरी वाट तोवर कुणीच बोलून दाखवली नव्हती. बाबा कधी आले होते ते कळलं नाही, ते दारात वहाणा काढत उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. बाबा तुझ्याशी भांडले नाहीत, आयुष्यभर फारसे भांडले नाहीत, पण त्यांच्या गप्प बसण्याची तुला भीती वाटायची, हे मला तेव्हाही समजायचं. ते म्हणाले, "एकच खोली हाय म्हणतीस तिथं. अवेळी बोलावणं आलं तर पोरीपाशी कोण?"

"उचलून संग नेईन."

"आन् शाळा?"

"शाळा हाय गावात. चांगली हाय. मास्तरच्या बायकोचं बाळंतपण मीच केलंय."

बाबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "मंग ने. मी शनवारी येत जाईन." आणि ते आले, माय. मोंढा बंद झाला की शेवटची गाडी पकडून, धुळीनं माखून, तुझी बदली होईपर्यंत येत राहिले. वस्तीतले लोक काय म्हणत होते ते त्यांनी आपल्याला कधी सांगितलं नाही.

आत्या मात्र त्या दिवशी जेवली नाही. माझे कपडे तिनंच बांधले, शेंगदाणा-गुळाचे लाडू करून डबा भरला. निघताना तिनं तुला नमस्कार केला नाही, तूही तिला केला नाहीस. मग गल्लीच्या तोंडाशी ती मागून पळत आली आणि मला म्हणाली, "मला बी कागद टाकत जा गं. कोणाकडून बी वाचून घीन." तू थांबलीस. पिशवी खाली ठेवलीस, तिच्याजवळ गेलीस आणि म्हणालीस, "आक्का, मीच लिहायला लावीन तिला." आत्या तुझ्या गळ्यात पडली. भर रस्त्यात दोघी रडलात. मी मध्ये डबा धरून उभी.

धावड्याला मला काय मिळालं ते तुला मोजून दाखवायची गरज नाही. डोंगर मिळाला, शाळा मिळाली. बोलावणं आलं की तू मला खरोखर उचलून न्यायचीस, आणि मी परक्यांच्या गोधड्यांत झोपून नव्या बाळाच्या रडण्यानं जागी व्हायची. गावातल्या बाया मला नर्सबाईची पोर म्हणायच्या आणि हातावर गूळ ठेवायच्या. पण पत्रातली ती बाई, जिला रेडकू बघून हसू यायचं, जी माझा वास आठवायची, ती मला त्या खोलीत सापडेना. होती ती एक दमलेली बाई. "सरक बाजूला," म्हणायची. "गप बस, डोकं दुखून राह्यलं." भाकरी टाकायची, रजिस्टर भरायची, पडली की झोपायची. एकदा मी तुला म्हणाले, "माय, मला पत्र लिही ना." तू स्टोला पिन मारत होतीस. मान वर न करता हसलीस. "येडी का खुळी तू? हितं समोर तर बसलीस, पत्र कुठं टाकू?"

मग जालन्याला तुझं ट्रेनिंग निघालं आणि मास्तरांच्या घरी मला ठेवून तू गेलीस. लगेच तुझं पत्र आलं. त्यात तू लिहिलं होतंस, "इथल्या जेवणाला चव नाही. बाजारात मोसंबीचे ढीग बघून तुझी आठवण आली. काल तुझ्यावर उगीच ओरडले, पेन्सिल हरवली म्हणून, त्याचं मला वाईट वाटलं." समोर असताना तू मला हे कधी सांगितलं नसतंस. मी ते पत्र मास्तरांच्या बायकोला वाचून दाखवलं नाही. पुढं कॉलेजसाठी औरंगाबादला होस्टेलवर गेले तेव्हा पुन्हा तू लिहायला लागलीस, पानंच्या पानं. तुझ्या आईबद्दल, तुला शिकायला किती झगडावं लागलं त्याबद्दल, ज्या बाया तुझ्या हातात दगावल्या त्यांच्याबद्दल. सुट्टीला घरी आले की आपण दोघी पुन्हा गप्प. जेवलीस का, हो जेवले. आणि नंतर फोन आला. फोनवर तू नेहमी घाईत असायचीस, जणू पलीकडं कुणीतरी रांगेत उभं आहे.

परवा तुझी नात पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "मम्मी, तू फोनवर हं-हं करतेस नुसती आणि ठेवल्यावर एवढाले मेसेज पाठवतेस. बोलताना काय होतं तुला?" मी नुसतं हं म्हटलं. फोन ठेवल्यावर मी तिला त्यावर एक भला मोठा मेसेज लिहिला आणि मग मलाच हसू आलं. अर्ध्यावर थांबले. तो तिच्यासाठी नव्हताच, तुझ्यासाठी होता, म्हणून वहीत लिहायला घेतलं. हे कुणाला दाखवायचं नाही. वहीतच राहील.

एक सांगायचं राहिलं. शेवटची काही वर्षं तू जालन्याला माझ्याकडं होतीस. मी शाळेतून यायची, तू गवार निवडत बसलेली असायचीस, मीही शेजारी बसायची. गोळी घेतली का, घेतली. पाणी आलं का, आलं. पंखा फिरत राहायचा. सगळे म्हणायचे, नशीबवान आहेस, म्हातारपणी आई जवळ आहे. होतेच मी नशीबवान. पण कधी कधी, त्या गवारीच्या शेंगा मोडता मोडता, मला वाटायचं की तू पुन्हा धावड्याला जावंस. फार नाही, चार-आठ दिवस. म्हणजे तुझ्या मनात काय चाललंय, ते मला कळलं असतं.