हजेरीतली रेवा

भोपाळ, शुक्रवार

रत्नप्रभाताई,

तुम्ही आईच्या आजारपणासाठी उज्जैनला, म्हणून लिहितेय. रेवाला आपल्या टाउनशिपच्या शाळेतून काढून स्पेशल शाळेत पाठवायचं का, त्या फॉर्मवर काल मी सही केली. ‘नाव घेतल्यावर उत्तर देते का?’ या प्रश्नापुढे स्पेशल टीचर म्हणून तुम्ही लिहिलं होतं, ‘देते, थांबावं लागतं.’ त्याखाली वर्गशिक्षिका म्हणून मी लिहिलं, ‘नाही.’

खरं सांगू? जुलैपासून मी हजेरीत तिचं नाव घेतलेलंच नाही. बेचाळीस मुलं, थांबायला वेळ कुठे असतो? ती बाकावर दिसली की हजर मांडत होते.

सही केल्यापासून चैन पडेना, म्हणून आज तिचं नाव घेतलं. ती गप्पच. मला जरा सुटल्यासारखं वाटलं. उरलेली नावं घेऊन रजिस्टर मिटलं, तेव्हा मागून आवाज आला, “उपस्थित, मॅडम.”

सोमवारी तिच्या आईवडिलांना शाळा बदलायचं सांगायला बोलावलंय. फॉर्म परत मागायला दोनदा बडी मॅडमच्या, प्रिन्सिपलच्या ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन आले. त्या विचारतील, मग आठ महिने हजेरी कोणाचा आवाज ऐकून लावलीत?

हे पत्रही न पाठवता रजिस्टरमध्येच ठेवतेय.

कांचन