पायाच्या अंगठ्याने केलेला पूल

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार (गुडघे धरलेत, तेव्हा मनातल्या मनात घातला असं समजा).

काल सकाळी माझ्या पायाच्या अंगठ्याने लाकडाचा एक ठोकळा जरासा सरकवला आणि माझ्या आयुष्याचा निकाल लागला. तुमची कंबर कशी आहे? मामीचा माझ्यावरचा राग उतरला का?

तुम्ही शब्द टाकलात म्हणून या बालवाडीत मदतनीस झालो. काम काय, तर ठोकळ्यांच्या कोपऱ्यात बसायचं आणि काही करायचं नाही. (घरीही हेच करत होतो, पण तिथे बोलणी खावी लागत.) इथल्या बाईंचा नियमच आहे, पोरांच्या बांधकामाला मोठ्यांनी हात लावायचा नाही. पडलं तर पडू द्यायचं. पडलं की पोर डोकं चालवतं. बाईंविषयी मागच्या पत्रात पानंच्या पानं लिहिलीच आहेत, म्हणून आवरतो. बुटक्या खुर्चीत माझे गुडघे कानाला लागतात आणि त्याच अवस्थेत मी प्रेमात आहे. फार दमवणारं काम आहे, मामा.

काल चिंगळी (वय साडेतीन, स्वभाव माझ्यासारखा) पूल बांधत होती. दोन खांब एकमेकांपासून लांब, वरची फळी तोकडी. फळी पडे, ती पुन्हा ठेवी, पुन्हा पडे. मी अर्धवट का होईना, इंजिनिअरिंग केलेलं; बघवेना. बाईंची पाठ वळली तसा अंगठ्याने खांब आत घेतला. (हात लावला नाही, हे लक्षात घ्या.) पूल उभा राहिला. चिंगळीने पुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, लाथेने पूल उडवला आणि भोकाड पसरलं.

बाई रागावल्याही नाहीत. “तिचं जमत आलं होतं. तुम्हाला कसली घाई होती?” एवढंच म्हणाल्या. झालं, माझं डोकं सटकलं. असली नोकरी मला नको, वगैरे बरंच बोललो. तेवढ्यात चिंगळीने नाक पुसलं, खांब पुन्हा लांब मांडले, आणि फळी धरून बघत बघत स्वतःच जवळ आणले. फळी बसली. तेव्हा बाईंचा चेहरा असा काही उजळला, की माझं भाषण मलाच ऐकू येईना.

आता कॉलेजात परत जाईन म्हणतो. बाबांना सांगा, पोरगा सुधारला.

तुमचा भाचा

ता. क. बाबांना इतक्यात काही सांगू नका. आधी बालवाडीच्या मोठ्या बाईंना फोन करून माझी जागा भरू नका म्हणावं. अंगठा दुखावलाय असं सांगा.

आणखी एक. तुम्हाला वाटेल, मी थयथयाट करत निघालो असेन. इरादा तोच होता. पण चिंगळी जीभ बाहेर काढून पुलावर मजला चढवत होती. जरा धक्का लागला असता तर सगळं खाली आलं असतं. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी बाहेर पडलो, कडी दोन्ही हातांनी धरली आणि आवाज न करता दार लावून घेतलं.