अंगात धातू आहे का?

भाजे,
९ नोव्हेंबर २०२५

सौ. आक्का,

आमच्याकडे सगळे बरे आहेत, तुझ्याकडचेही असतील. भाताची कापणी उरकली, झोडणी चालू आहे. मळवलीच्या बंगल्याची राखण सध्या प्रेरणाचे पप्पा एकटेच बघतात. शनिवार-रविवारी पाहुणे असले की सासूबाई जाऊन भाकऱ्या करून देतात. मला कुणी कामाला हात लावू देत नाही.

माझी कॅन्सरची लाईट, ते रेडिएशन, घेऊन झाली. तू रोज फोन करतेस आणि मी उचलत नाही. फोनवर तू रडायला लागतेस, मग मलाच तुझी समजूत काढावी लागते. म्हणून लिहिते आहे.

लिव्हरमधली गाठ श्वासाबरोबर वरखाली होते. जुन्या यंत्रात ती कुठे असेल ते अंदाजाने धरून लाईट द्यायचे, त्यात आजूबाजूचा चांगला भागही भाजायचा. पुण्याच्या या नव्या यंत्रात एमआरआय आतच बसवलेला आहे. लाईट देता देता डॉक्टरांना गाठ दिसत राहते. ती जागेवरून सरकली की लाईट थांबते. छोट्या पडद्यावर मलाही दिसायची. मी श्वास रोखला की ती नेमक्या जागी यायची आणि काम सुरू व्हायचं. स्वतःला आतून बघणं लय वेगळं वाटतं, आक्का.

त्या यंत्रात मोठं लोहचुंबक असतं. म्हणून आत नेण्याआधी विचारतात, अंगात धातू आहे का. तेजल नावाची मुलगी होती तिथे. दात, पट्ट्या, स्क्रू, एकेक विचारत गेली. मी सगळ्याला नाही म्हणत गेले. मग आधीचा स्कॅन बघून ती म्हणाली, "काकू, तांबी आहे ना तुम्हाला? कॉपर-टी?"

मला हसू आलं. म्हटलं, बाई, तांबी असती तर दुसऱ्या मुलासाठी इतके नवस कशाला केले असते मी? ती हसली नाही. उठून डॉक्टरीणबाईंना घेऊन आली.

त्यांनी मला पडद्यावर दाखवली. आधीच्या डॉक्टरांनाही दिसलीच असेल, पण मला माहीत असणार असंच सगळ्यांनी धरलं होतं. बाई म्हणाल्या, बाळंतपणानंतर बसवली असेल, आठवून बघा. मला काय आठवणार? प्रेरणाच्या वेळी माझी शुद्ध गेली होती. शुद्धीवर होतीस ती तू. तळेगावच्या तुझ्याच दवाखान्यात, नर्सचे कपडे घालून, माझ्या उशाशी.

तशी ती धोक्याची नव्हती, पण फार जुनी झाली म्हणून काढली. मी बघायला मागितली. काळपट पडली होती, करंगळीएवढीसुद्धा नव्हती.

परतताना गाडीत मी प्रेरणाच्या पप्पांना विचारलं. कामशेतच्या अलीकडे त्यांनी गाडी बाजूला घेतली. मग म्हणाले, "तू वाचशील का न्हाई, कुणालाच ठावं नव्हतं. आक्का म्हनली, पुन्ना दिवस गेले तर हातची जाईल. मी व्हय म्हनलो. ती म्हनली, सारिकाला सांगू नका, ती काढून टाकील."

इथपर्यंत मला समजतं. तुम्ही घाबरला होता. पण मी शुद्धीवर आल्यावर? घरी गेल्यावर? मूल राहत नाही म्हणून मी तुझ्याकडे आले, तेव्हा सोनोग्राफीला तूच घेऊन गेलीस. आत डॉक्टरांशी तूच बोललीस. बाहेर येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "सगळं चांगलं आहे, देवाच्या मनात येईल तेव्हा होईल." एकवीरेच्या पायऱ्या मी अनवाणी चढायचे. एका वर्षी तूही आलीस. ओटीचं ताट तुझ्या हातात होतं. मी देवीपुढे काय मागत होते ते तू शेजारी उभी राहून ऐकलंस.

सासूबाईंना मीच सांगितलं. त्यांनी मला जन्मभर काय काय ऐकवलं, तुला माहीत आहे. तुझ्याच खांद्यावर रडायचे मी. त्या तांदूळ निवडत होत्या, सूप बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "मी तुला नगं नगं ते बोलले, आन् ही दोघं ऐकत बसली." त्या दिवसापासून त्या लेकाशी बोललेल्या नाहीत. मी बोलते. जेवायला वाढते. त्याहून जास्त अजून जमत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. प्रेरणाला सातवा लागला आहे. तू तिला परस्पर सांगितलंस, बाळंतपणाला मावशीकडे ये. ती येणार नाही. मी तिला सगळं सांगितलं, तेव्हा तिने पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "मावशीने माझंही असंच ठरवलं असतं का गं?"

तिचं नाव लोणावळ्याच्या दवाखान्यात घातलं आहे. तिथल्या बाईंना मी भेटून आले. काही करायचं झालं तर तिला विचारून करा, म्हटलं. विचारण्याइतका वेळ नसेल, तर तिने डोळे उघडल्यावर पहिलं तेच तिला सांगा. बाईंना नवल वाटलं. त्यांच्याकडे तसंच करतात म्हणे.

डॉक्टर म्हणतात, गाठ आकसते आहे. बारशापर्यंत मी असेन. तुला बोलावणं येणार नाही.

तू माझ्या जिवासाठीच केलंस, हे मला पटतं. जीव वाचला. पण तो माझा होता, आक्का.

तुझा आशीर्वाद मागत नाही.

सारिका