दिवसभराचा पास

९ मार्च

सौ.स अनेक आशीर्वाद.

ही चिठ्ठी पिशवीत घालतो आहे, कारण तोंडाने सांगायला गेलो की तुला नेमकी कामं आठवतात. गाडीतून उतरल्यावर टॅक्सीवाले मागे लागतील. त्यांच्याकडे बघूही नकोस, सरळ बसथांब्यावर जा. दर वेळी तिकीट काढू नकोस. दिवसभराचा पास मिळतो, तो सकाळी पहिल्या बसलाच घे, म्हणजे पुरेपूर वसूल होतो. लॉजवर नाश्ता नको, कोपऱ्यावर निम्म्यात होतो. हसू नकोस. धाकटीचं लग्न तोंडावर आलंय, हात आखडता घ्यायलाच हवा.

राहिलं थोरल्याचं. भाऊ आल्याशिवाय लग्नाला उभी राहणार नाही, असं धाकटी हटून बसली म्हणून तू निघालीस. आपलं घड्याळांचं दुकान सोडून तो तिकडे शहरात बस चालवायला गेला, तेव्हा मी पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणालो. पठ्ठ्याने चार वर्षं ते पाळलं. तू त्याला बोलाव. माझं नाव काढू नकोस. त्याने विचारलंच, तर प्रकृती बरी आहे म्हणून सांग.

जपून राहा. काटकसर पैशात कर, लोभात नको.

तुझा चिक्कू

११ मार्च

यांस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. टॅक्सी केली नाही, तेव्हा जीव भांड्यात पडू द्या.

डेपोतल्या कारकुनाने थोरल्याच्या खोलीचा पत्ता दिला नाही, पण तो कुठली बस चालवतो ते सांगितलं. मग तुमचा तो पास काढला आणि आज सकाळी त्याच्याच बसमध्ये चढले. अगदी त्याच्या मागच्या बाकावर बसले. आरशात मला पाहिलं मात्र, त्याचे कान लाल झाले, लहानपणी व्हायचे तसे. मी लग्नाचा विषय काढला तर त्याने नुसतं पाटीकडे बोट दाखवलं. चालकाशी बोलू नये, असं लिहिलं होतं. शेवटच्या थांब्यावर तरी बोलेल म्हटलं, तर उतरून तिथल्या साहेबांच्या खोलीत जाऊन बसला आणि बस सुटायच्या वेळीच आला. पास होता, मीही बसून राहिले. तोच पूल, तोच बाजार, तीच दवाखान्याची भिंत, दिवसभर.

त्याचे केस मागून विरळ झालेत हो. कॉलर उसवली आहे. हाताच्या अंतरावर पोरगा, आणि मला एक टाका घालता येईना. दुपारी कंडक्टरने केळी आणून दिली. ड्रायव्हरने पाठवलीत, पण तसं सांगू नका म्हणालाय, हेही त्यानेच सांगून टाकलं. मला रडूच आलं.

उद्या पुन्हा पास काढते. दुसरं काय करू, तुम्हीच सांगा. वेळेवर जेवत जा, माझ्यावर चिडलात तरी माया पातळ होऊ देऊ नका.

आपली,
धाकटीची आई

१४ मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

एवढा मायना लिहायलाही हात धजत नव्हता. पण आता माझा इलाज चालेना.

आई रोज माझ्या बसमध्ये येऊन बसते. मी मार्ग बदलून घेतला, तर कारकुनाने तिला नवा मार्गही सांगितला. पहिल्या दिवसानंतर ती एक शब्द बोललेली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. काल सिग्नल हिरवा झाला तरी मी आरशातच बघत राहिलो. ती रुमालाने डोळे टिपत होती. मागचे हॉर्न वाजवायला लागले आणि मला पुढचा रस्ता नीट दिसेना. माझ्या मागे बसभर माणसं असतात, बाबा. एखाद्याच्या जिवावर बेतेल.

तिच्याशी बोलायला जातो तर पाय साहेबांच्या खोलीकडेच वळतात. न बोलावं तर ती हलत नाही. तुम्ही काय म्हणाला होतात ते मी विसरलेलो नाही. तरी तुम्हीच या आणि तिला घेऊन जा. माझ्याच्याने होत नाही.

कुठल्या गाडीने निघता तेवढं कळवा. मागायचा हक्क उरला असेल, तर आशीर्वाद असू द्यावा. तुम्हाला उतरवून घ्यायला मी स्टेशनवर उभा असेन.

आपला थोरला