काल

लास व्हेगास, रविवार संध्याकाळ, मे १९८४

डोक्यातून जातच नाही. पोकरच्या टूर्नामेंटमध्ये शेवटी दोघंच उरलो होतो, मी आणि तो पांढऱ्या हॅटवाला बडबड्या टेक्सन. त्यानं सगळ्या चिप्स पुढे लोटल्या. माझ्याकडे नव्व्यांची जोडी. पानं टाकूनच देणार होतो मी! पण विचार करताना मराठीत पुटपुटायची माझी घाणेरडी सवय. आदल्या दिवशी त्यानं असंच फसवलं होतं, ते आठवून पुटपुटलो, "काल..."

डीलर ओरडला, "कॉल!" म्हणजे मीही सगळं लावलं. ही माणसं 'कॉल'ला 'काल'च म्हणतात, हे इतकी वर्षं इथे राहून माझ्या लक्षात येऊ नये? "अहो, मी मराठीत बोललो," हे इंग्रजीत सांगितलं. सगळे हसले. बोललेला शब्द मागे घेता येत नाही म्हणे. त्याच्याकडे एक्क्यांची जोडी निघाली. संपलो. वर ती पांढरी हॅट काढून म्हणतो, "ब्रेव्ह कॉल, सन." ब्रेव्ह! डोंबल!

आत्ता आयसेलिनहून धाकट्या बहिणीचा फोन.

"दादा, जिंकलास?"

"हरलो."

"अरे यार! कधी?"

शब्द तोंडाशी आला होता. गिळला.

"शनिवारी," म्हणालो.