न तोडलेली शेवंती

नाना, तुमच्या लेकीच्या अंगणातली बाग तुम्हाला आवडली नसती, आधी तेच सांगून टाकते. इथे सरळ सरी नाही की वरंबा नाही. वाफे मी मला हवे तसे वाकडेतिकडे काढलेत, शेवंतीत तेरडा घुसलाय आणि हरळीलाही मी फारसं बोलत नाही. आई माझ्याकडे राहायला आली तेव्हा पायरीवर उभी राहून म्हणाली, "हे रान हाय का बाग?" मी म्हटलं, माझी बाग आहे. एकही फूल तोडायचं नाही, एवढाच इथला नियम. शेजारच्या काकू पूजेसाठी परडी घेऊन आल्या, त्यांनाही नाही म्हटलं. त्या अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

मी नऊ वर्षांची असेन. दिंडोरीच्या मळ्यात पहाटे आपण सगळे बाजारासाठी शेवंती तोडतोय आणि मी कडेचं एक झाड रोज मुद्दाम सोडतेय. पूर्ण फुललेलं झाड कसं दिसतं, ते मला बघायचं होतं. चौथ्या दिवशी ते तुम्हाला दिसलं. तुम्ही ओरडला नाहीत. नखाने एकेक देठ खुडत झाड मोकळं केलंत आणि म्हणालात, "फूल ठेवलं का झाड थकतं. मळा बघायला नसतो, पोरी." मी रडले नाही, पण विसरलेही नाही.

तुम्ही गेलात तो दिवसही तोडणीचाच. माल पहाटेच नाशिकच्या बाजारात गेलेला, मळ्यात नुसता हिरवा पाला. तुमच्यासाठी हार विकत आणावा लागला. काका म्हणाले, यात आपलीच शेवंती असणार. त्या दिवशीसुद्धा मला तुमचा रागच आला होता.

आज तुमची तिथी. हार आणायला निघाले तर आई म्हणाली, "बाजारातला नको. एकदा घातला तेवढा पुरे."

मग मी परडी घेऊन अंगणात गेले. देठ कुठे खुडायचा, हे बोटांना सांगावं लागलं नाही. झाडं खरंच थकली होती, नाना. तेवढं तुमचं बरोबर होतं. हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवणार होते, पण आई फोटो रोज पुसते, म्हणून वहीतच राहू दे. परडी भरली, हारही झाला. कडेचं एक झाड मात्र मी आजही सोडलंय. ते तुमच्यासाठीसुद्धा तोडवलं नाही.